घरट्याचा कुटुंबप्रमुख

फान देंग-वांग यांनी चौतीस वर्षं खालच्या शहरातल्या नोंदणी कचेरीत, तीन नंबरच्या खिडकीत बसून माणसांची बिऱ्हाडं लिहिली. कोण जन्मलं, कोण वारलं, कोण कुणाकडे राहायला आलं, कोण न सांगता निघून गेलं. खिडकीशी येणाऱ्या प्रत्येकाला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "कुटुंबप्रमुख कोण?" आणि ते तो अशा काही आवाजात विचारीत, की भलेभले गडी आपलं नाव विसरून जात.

निवृत्त झाल्यावर बायकोला, सू-ल्यानला, घेऊन ते वर डोंगरात वू-सोंगला आले. वू-सोंग म्हणजे ढगाच्या उंबऱ्यावर बसलेलं चहाचं गाव. सकाळी ढग गावात येतो, दुपारी चहा पिऊन जातो, संध्याकाळी विसरलेली छत्री न्यायला परत येतो. अशा गावात कशाचीच नोंद करायची नाही, असं फान यांनी जाहीर केलं होतं. हा निश्चय तीन वर्षं टिकला आणि एका मंगळवारी सकाळी सव्वासहाला, तोंडात दंतमंजनाचा फेस असताना, मोडला.

त्यांच्या न्हाणीघराच्या खिडकीबाहेर चेरीचं जुनं झाड आहे. झाड भूमिदेवाच्या देवळाच्या अंगणातलं, पण त्याची एक फांदी शेजारधर्म म्हणून फान यांच्या भिंतीवर टेकलेली. त्या फांदीच्या बेचक्यात शेवाळाची एक वाटी लटकत होती आणि वाटीत एक पाखरू बसलं होतं. मुठीत मावेल एवढं, पाठ मातकट, गालावर काळी रेघ आणि डोक्यावर तुरा. तुरा असा ताठ, जणू आत्ताच कुणीतरी अपमान केला आहे.

"अगं, तुरेवाल्याचं घरटं!" फान यांनी फेसातून हाक मारली. "नवरा-बायको असणार!"

"असू देत," स्वयंपाकघरातून उत्तर आलं. "पेज निवतेय."

रताळ्याची पेज खाऊन ते परत आले तेव्हा वाटीत एक पाखरू बसलेलं, फांदीवर दोन. फान यांनी चष्मा पुसला. तेवढ्यात शेवाळ घेऊन चौथं आलं. त्याने शेवाळ वाटीला लावलं, तुरा हलवला आणि ते गेलं. मग पाचवं आलं. पहिलं उठलं, पाचवं बसलं, दुसऱ्याने पाचव्याला टोच मारली, तिसऱ्याने दुसऱ्याला, आणि या सगळ्या बाचाबाचीत एक सहावं पाखरू शांतपणे येऊन वाटीचा काठ नीट करू लागलं.

सहा पाखरं, घरटं एक. आणि सहाही अशी एका साच्यातली, की नर कोण, मादी कोण, मालक कोण, भाडेकरू कोण, काही म्हणता काही कळेना. फान यांचा हात नकळत खिशातल्या पेनकडे गेला.

या पक्ष्यांची हाक आमच्या डोंगरात पोराटोरांनाही पाठ आहे: "तू-मी-ज्यू! तू-मी-ज्यू!" म्हणजे, ओकून टाक ती तांदळाची दारू. आता पाखराला दारूबंदीची एवढी कळकळ का, ते भूमिदेवच जाणे. पण डॉक्टरांनी फान यांची दारू बंद केली होती, आणि आल्याच्या बदकात घालायची म्हणून सू-ल्यानने ठेवलेली बाटली बदक न शिजवताच उतरत होती. त्यामुळे खिडकीतून आलेली पहिलीच हाक घरात फार लागली.

"ऐकलंत?" सू-ल्यान म्हणाली. "गावभर झालं आता."

*

इथपर्यंत सगळं घरातल्या घरात होतं. गुरुवारी ल्याव चिन-शुई आला.

ल्यावचा चहाचा मळा आहे, गालात सदा विडा असतो, आणि यंदा देवाने कौल देऊन त्याला धुपाटण्याचा, म्हणजे वर्षभराच्या पूजाउत्सवाचा, मानकरी केलं होतं. मानकरी झालेल्या माणसाला वर्षभर गावातलं सगळं आपलंच वाटतं. तो अंगणात उभा राहून फांदीकडे बघत म्हणाला, "फानभाऊ, चौथ्या महिन्याच्या पौर्णिमेला देवापुढे बाहुल्यांचा खेळ आहे. मंच इथे उभारायचा. ही फांदी तेवढी उडवतो."

"उडवतो?" फान यांच्या हातातली चहाची वाटी हिंदकळली. "अहो, तिथे बिऱ्हाड आहे!"

"कुणाचं?"

या साध्या प्रश्नावर, ज्याने चौतीस वर्षं दुसऱ्यांना घाम फोडला तो माणूस चहाच्या वाटीत बघू लागला.

"ते... चौकशी चालू आहे," फान म्हणाले.

शेवटी देवालाच विचारायचं ठरलं. ल्यावने उदबत्ती लावली, चंद्रकोरीसारखे कौलाचे दोन लाकडी तुकडे ओंजळीत धरले आणि विचारलं, "देवा, फांदी तोडू का?" एक पालथा आणि एक उताणा पडला की होकार, दोन्ही पालथे पडले की नकार. दोन्ही उताणे पडले आणि जमिनीवर डुलत राहिले. म्हणजे देव हसला. पुन्हा टाकले, देव पुन्हा हसला. तिसऱ्यांदा मान फान यांना दिला, तर देव इतका हसला की एक तुकडा डुलत डुलत पाटाखाली गेला.

"हे काय?" फान वैतागले. "हो की नाही?"

"देव हसतोय, म्हणजे प्रश्न चुकलाय," ल्याव म्हणाला.

"मग बरोबर प्रश्न कोणता?"

"ते माहीत असतं, तर देवाला कशाला विचारलं असतं?" विडा या गालातून त्या गालात गेला. "हे बघा भाऊ, तुम्ही कागदाचे माणूस. घरट्यात बिऱ्हाड आहे असा कचेरीचा शिक्क्याचा कागद आणा, मी मंच कोबीच्या गोदामाकडे हलवतो. नाही आणलात, तर पौर्णिमेच्या आदल्या दिवशी करवत. बारा दिवस आहेत."

शिक्क्याचा कागद! फान यांच्या मनाला पंख फुटले. वाघाला कुणी सांगावं की बाबा, जरा त्या हरणाकडे बघ, तसं झालं.

*

तालुक्याच्या कचेरीत पशुपक्ष्यांच्या टेबलाशी वेन बाई बसत. वय तिशीचं, केस चापून बांधलेले, शिक्का हाताशी. फान यांना बघताक्षणी त्या आवडल्या. तासाभराने त्यांचं मत बदललं.

अर्जात दोनच चौकोन होते: नर एक, मादी एक.

"इथे सहा बसत नाहीत," फान म्हणाले.

"काका, सहा असतील तर तीन घरटी असतील. तीन अर्ज भरा."

"घरटं एकच आहे."

"मग एक अर्ज भरा. दोन पक्षी लिहा."

"उरलेले चार?"

"पाहुणे असतील."

"पाहुणा घर बांधत नाही, बाई. चारही जण शेवाळ आणतात. मी पाहिलंय."

वेन बाईंनी आवाज मऊ केला. "काका, दोन लिहा, मी आत्ता शिक्का मारते. फांदी वाचते, तुम्ही घरी जाता, मी जेवायला जाते."

खरं तर गोष्ट इथेच संपायला हवी होती. तुमची आमची संपली असती. पण फान यांनी आयुष्यात एकही खोटी नोंद केलेली नव्हती. मुलाच्या जन्माच्या वेळी घरच्यांनी एक दिवस मागेपुढे करायला सांगितलं होतं, मुहूर्त चांगला होता, तेव्हाही नाही. ते ताठ बसले आणि म्हणाले, "सहाचे दोन मी करणार नाही. पुरवणी जोडतो."

पुरवणीला त्यांनी मथळा दिला: 'सामाईक बिऱ्हाड'. नोंदणीच्या कायद्यात तशी सोय आहे, रक्ताचं नातं नसलं तरी एका छपराखाली, एका चुलीवर जगणाऱ्यांची. खाली सहा ओळी आखल्या. पहिल्या ओळीपुढे लिहिलं, 'कुटुंबप्रमुख', आणि पेन थांबलं.

"कोण आहे प्रमुख?" वेन बाईंनी विचारलं.

"कळवतो," फान म्हणाले.

*

कळवण्यासाठी आधी कळायला हवं होतं. फान यांनी दुर्बीण आणली आणि न्हाणीघरात ठाण मांडलं. कमोडचं झाकण ही खुर्ची, धुण्याची बादली हे टेबल. पहिल्या दिवशी त्यांनी ठरवलं की ज्याचा तुरा सगळ्यांत उंच, तो प्रमुख. दुपारी धुक्याने सगळ्यांचे तुरे सारखेच बसले. दुसऱ्या दिवशी ठरवलं, जो सगळ्यांना टोचतो तो. टोचणारा स्वतःच जास्त टोच्या खातो असं निघालं. तिसऱ्या दिवशी त्यांनी एकाला ओळखू यावं म्हणून तांदळाच्या पिठाचं पाणी पिचकारीतून उडवलं. पाखरू हललं, पीठ शेजारच्या दोरीवर वाळणाऱ्या ल्यावच्या बायकोच्या काळ्या रेशमी सदऱ्यावर बसलं.

आणि ल्यावची बायको म्हणजे देवळाच्या अंगणात रोज सकाळी सात बायकांना हात उंच करा, कंबर वळवा अशी कवायत शिकवणारी. संध्याकाळी ल्याव आला, पण आत येईना.

"वहिनी," तो दारातूनच सू-ल्यानला म्हणाला, "आमच्या बायका म्हणतात, फानभाऊ न्हाणीघरातून दुर्बिणीने कवायत बघतात. मी म्हटलं, छे! भाऊ सरकारी माणूस. पण आता पीठही उडवायला लागलेत म्हणे."

"त्यांना पाखरं बघायची असतात," सू-ल्यान म्हणाली.

"तेच तर बायका म्हणतात!"

फान यांनी त्या दिवशी जेवताना मुळ्याच्या आम्लेटला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी खिडकीला पडदा लागला, पडद्याला नाण्याएवढं भोक पडलं, आणि त्या भोकामुळे बायकांचा उरलासुरला संशयही फिटला.

एवढ्यात घरट्यात अंडी दिसली. दोन. फान बसने खाली गेले, तेवीस वळणं, आणि वेन बाईंना कळवून आले. दोन दिवसांनी चार झाली. पुन्हा तेवीस वळणं. शुक्रवारी सात.

"सात?" वेन बाईंनी कागद बाजूला ठेवला. "काका, या पाखराची मादी दोनच घालते, फार तर तीन."

"माद्या तीन आहेत."

"तीन माद्या? एका घरट्यात?" त्यांनी इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "हे काही चांगलं दिसत नाही."

"त्यांना दिसत असेल!" फान ओरडले.

वेन बाईंनी फाईल उलटीसुलटी केली, आणि मग तो शब्द उच्चारला. "तुम्ही मोठे आहात, म्हणून स्पष्ट बोलते. एका पत्त्यावर आधी सहा, मग आठ, मग दहा, आता अंड्यांसकट तेरा. प्रमुखाचा पत्ता नाही, नर-मादीचा पुरावा नाही. साहेब म्हणतात, ही भूत-नोंद आहे."

भूत-नोंद! राहत नसलेल्या माणसांची नावं मतांसाठी एखाद्या घरावर चढवतात, ती. फान यांनीच एकदा तीन खोल्यांच्या शेवयांच्या दुकानात एकवीस मतदार पकडले होते. कचेरीत त्यांना त्याबद्दल घड्याळ मिळालं होतं. आणि आज त्यांच्यावर, पाखरांची भुतं चढवल्याचा आळ! रागाने त्यांचे कानाजवळचे चार केस उभे राहिले.

"बाई," ते म्हणाले, "जागेवर येऊन तपासणी करा."

"येते," वेन बाई म्हणाल्या. "मंगळवारी. पण प्रमुख दाखवला नाहीत, तर अर्ज फेटाळीन. मग माझ्या हातात काही नाही."

मंगळवार म्हणजे पौर्णिमेचा आदला दिवस. करवतीचा दिवस.

*

घरी येऊन ते परसात बसून राहिले. सू-ल्यान भाजी निवडत होती.

"तीन जोडपी आहेत," ती म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"रोज भांडी घासताना दिसतात. कोण कुणाची मान खाजवतं, ते बघायचं. जोडपं ओळखायला दुर्बीण कशाला? हे दोघं अंगाला अंग लावून बसतात, ते दोघं, आणि ते कोपऱ्यातले दोघं. मान खाजवून घेताना डोळे मिटतात."

"आणि दिवसभर भांडतात त्या?"

"त्या जावा." तिने देठ मोडला. "वाटीत आधी कुणी बसायचं यावर रोज संध्याकाळी मारामारी. पण पाऊस आला की नाही भांडत. परवा पाहिलं ना मी."

"मग त्यांच्यातला प्रमुख कोण?" फान यांनी आशेने विचारलं.

सू-ल्यानने त्यांच्याकडे असं बघितलं, जसं शिजलेल्या भातात खडा लागल्यावर बघतात. "हाच प्रश्न का विचारता तुम्ही सारखा?"

त्यांना वाईट वाटलं. एक तर उत्तर नव्हतं, आणि आता प्रश्नही हातचा चालला होता. त्यांनी खिडकीतून पाहिलं. सात अंड्यांवर कुणीतरी बसलं होतं. कोण, ते त्यांना माहीत नव्हतं. पण चार दिवसांनी तिथे करवत चालणार, आणि जे कुणी बसलं आहे त्याला ते माहीत नव्हतं. दोन लिहिले असते तर, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि तो इतका नवखा होता की ते दचकलेच.

*

मंगळवारी वेन बाई आल्या, तेव्हा ढग गावात बसला होता. ल्याव करवत घेऊन आला; देवाचं काम म्हणून करवतीला लाल फडकं बांधलं होतं. तपासणीची जागा एकच, न्हाणीघर. कमोडच्या झाकणावर फाईल घेऊन वेन बाई, बादलीपाशी ल्याव, टबमध्ये फान, दारात सू-ल्यान. वेन बाईंनी पडद्याच्या भोकाकडे बघितलं, फान यांच्याकडे बघितलं, आणि काही लिहिलं. काय लिहिलं ते विचारायचा धीर कुणाला झाला नाही.

खिडकी उघडली. बाहेर दुधासारखं धुकं. ना फांदी, ना वाटी.

"पक्षी: शून्य," वेन बाई म्हणाल्या.

"थांबा ना!"

थांबले. अर्धा तास चौघंही एकमेकांच्या कोपरांना ओळखत राहिली. मग धुकं जरा फाटलं आणि पाखरं आली. सहा नाहीत. झाडभर. तुरेवाले, बिनतुऱ्याचे, पिवळ्या पोटाचे, लाल शेपटीचे. डोंगरातली अख्खी जत्रा त्या चेरीवर उतरली.

"सव्वीस... सत्तावीस..." ल्याव मोजू लागला. "भाऊ, तुमचं बिऱ्हाड वाढलंय!"

"हे आमचे नाहीत!" फान कळवळून म्हणाले. "हे जाणारे येणारे आहेत!"

"कोणते तुमचे?" वेन बाईंनी विचारलं.

आणि फान यांना सांगता येईना. त्यांनी या फांदीवरून त्या फांदीवर बोट नेलं, परत आणलं. बोट लाजून मुठीत गेलं.

तेवढ्यात पाऊस कोसळला. मे महिन्यातला, पानापानाला थापटणारा पाऊस. जत्रा एका क्षणात उधळली. झाड रिकामं झालं. आणि मग दिसलं: वाटीत तीन पाखरं, एकाच्या अंगात एक घुसून बसलेली, चोची तीन दिशांना, तुरे भिजून चपट. बाजूला फांदीवर तीन, खांद्याला खांदा लावून, वाऱ्याच्या अंगाला. कुणी कुणाला टोचत नव्हतं. पावसाचं थेंबभर पाणीही अंड्यांना लागत नव्हतं.

ल्यावने विडा चघळायचा थांबवला.

"सहा," वेन बाई हळूच म्हणाल्या. मग त्यांनी घसा साफ केला. "काका, नियमाने विचारावं लागतं. यांच्यातला कुटुंबप्रमुख कोण?"

फान टबात उभे होते. शिंतोडे चष्म्यावर आले होते. चौतीस वर्षांत त्यांनी जे वाक्य कुणाकडूनही ऐकून घेतलं नव्हतं, ते त्यांच्याच तोंडून आलं.

"मला माहीत नाही, बाई."

ल्यावने करवत या हातातून त्या हातात घेतली, पण ती घेताना त्याला बरं वाटलेलं दिसलं नाही.

वेन बाई अर्जाकडे बघत राहिल्या. मग डोकं बाहेर काढून त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि पावसात भिजत हाताने काहीतरी मापलं. "काका, ही वाटी तुमच्या पागोळीच्या आत आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे देवळाच्या हद्दीत नाही. तुमच्या छपराखाली. हे वेगळं बिऱ्हाडच नाही. तुमच्याच बिऱ्हाडात सोबत राहणारे आहेत. मग प्रमुख वेगळा कशाला? तुमच्या घराचा जो प्रमुख, तोच यांचा."

फान यांचा कणा एकेक मणका करून सरळ झाला. त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी लावली, आणि गळ्यातल्या पिशवीतून सहीऐवजी मारायचा आपला नावाचा शिक्का काढला. "लिहा," ते म्हणाले. "फान..."

"घराची नोंदवही दाखवा आधी," वेन बाई म्हणाल्या.

सू-ल्यानने बिस्किटांच्या डब्यातून वही आणली. वेन बाईंनी पहिलं पान उघडलं, वाचलं, आणि ते अलगद फान यांच्याकडे वळवलं. पहिल्या ओळीवर लिहिलं होतं, सू-ल्यान, कुटुंबप्रमुख. दुसऱ्या ओळीवर, फान देंग-वांग. नातं: नवरा.

"हे... हे कधी झालं?"

"इथे आलो तेव्हा. तुम्ही कंबर धरून पडला होतात. मी एकटीच गेले कचेरीत. बाईने विचारलं, प्रमुख कोण? म्हटलं, घरात ज्याला उभं राहता येतंय ते. मग मीच की."

"तीन वर्षं झाली! मला सांगितलं नाहीस!"

"तुम्ही कधी विचारलंत? गावाला विचारत होतात."

ल्याव खोकल्यासारखं करून भिंतीकडे वळला. त्याचे खांदे हलत होते. तरी करवत मात्र त्याने दाराबाहेर नेऊन ठेवली आणि कोबीच्या गोदामाकडे मंच हलवा म्हणून कुणाला तरी तिथूनच ओरडून सांगितलं.

फान यांनी आपला शिक्का पिशवीत परत ठेवला. पिशवीची नाडी बांधायला त्यांना जरा वेळ लागला.

सू-ल्यानने ओल्या हाताने आपला शिक्का मारला. वेन बाईंनी पेन उचललं. "सोबत राहणारे सहा. आणि काका? काकांचं कुठे लिहू? नात्यातल्या माणसाला वेगळं पान लागतं, सोबत राहणाऱ्यांच्या पानावर ते बसत नाहीत."

सू-ल्यानने नवऱ्याकडे पाहिलं. टबात उभा, चष्मा ओला, कानाजवळचे केस चपट बसलेले. तिने पदरासारखा धरलेला पंचा पुढे केला.

"वेगळं पान कशाला?" ती म्हणाली. "हेही त्याच फांदीवरचे. लिहा."

वेन बाईंनी लिहिलं: प्रमुख एक, सोबत राहणारे सात.

फान यांनी पंच्याने चष्मा पुसला आणि पावसाच्या आवाजात ती बेरीज दोनदा तपासली. बरोबर होती.